खाटेजवळ हवी, उंबऱ्यात नको!

आपल्या समाजात परिचारिकेला मान आहे काय, असा प्रश्न कुणी विचारला तर आपण सारेजण चटकन 'हो' म्हणू. दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. त्या दिवशी रुग्णालयांत मेणबत्त्या पेटवल्या जातात, भाषणे होतात, 'सेवेची मूर्ती', 'पांढऱ्या वेषातील देवता' अशी विशेषणे उधळली जातात. आपणही दवाखान्यात पडून असलो की मध्यरात्री 'सिस्टर, सिस्टर' अशी हाक मारतो, आणि ती आली की जिवात जीव येतो. पण हीच सिस्टर उद्या सून म्हणून आपल्या घरी येणार म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या का पडतात? 'मुलगी चांगली आहे हो, पण नर्स आहे,' या वाक्यातल्या 'पण'मध्ये काय दडलेले असते? या 'पण'विषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. माझी आई गेली २२ वर्षे आरोग्य सेविका आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका तालुक्यात, आमच्या गावापासून सात किलोमीटरवर तिचे उपकेंद्र आहे. दहावीनंतर तिने दीड वर्षाचा ए. एन. एम.चा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकले आणि शेती करतात. थोरली ताई बारावीनंतर तीन वर्षांचा जी. एन. एम. करून एका रुग्णालयात कंत्राटावर अधिपरिचारिका आहे. महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. आणि ती पायरी मी आईच्या पगारावर चढलो, हे सांगायला मला अभिमान वाटतो.

गेल्या दिवाळीनंतर ताईसाठी एक स्थळ आले. मुलगा नोकरीला, घरी चार एकर बागायत. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, चहा झाला. चहा पिता पिता मुलाच्या मामांनी आपल्या आईच्या आजारपणाची हकिकत सांगितली. म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले होते आणि ती महिनाभर रुग्णालयात होती. "तिथली एक सिस्टर म्हणजे साक्षात देवमाणूस! अगदी लेकीसारखी करायची म्हातारीचं. रात्र रात्र जागायची," असे सांगताना मामांचा आवाज खरोखरच जड झाला होता. आणि मग कप खाली ठेवून त्याच मामांनी अण्णांना सांगितले, "मुलगी आम्हांला पसंत आहे. फक्त लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. दुसरी कुठली नोकरी असती तर हरकत नव्हती; पण रात्रपाळी म्हणजे…" पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. अशी वाक्ये आपल्याकडे कुणी पुरी करतच नाही.

मामा दुष्ट नव्हते. म्हणूनच मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. आपल्या आईपाशी रात्र जागणारी परक्याची लेक त्यांना हवी होती; परक्याच्या आईपाशी रात्र जागणारी आपली सून मात्र नको होती. ही विसंगती एकट्या मामांची नाही. ती आपल्या साऱ्या सुशिक्षित-अशिक्षित समाजाची आहे. परिचारिका आपल्याला खाटेजवळ हवी असते, उंबऱ्याच्या आत मात्र नको असते.

ही वृत्ती आली कोठून? थोडा इतिहास चाळला तर असे दिसते की, ही केवळ आपल्याच देशाची गोष्ट नव्हे. ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिवशी आपण परिचारिका दिन पाळतो, ती १८२० साली एका सधन इंग्रज घराण्यात जन्मली. तिने रुग्णसेवा करण्याचा मनोदय सांगितला तेव्हा तिच्या आईने व बहिणीने कडाडून विरोध केला. घरंदाज मुलीने रुग्णालयात काम करणे म्हणजे कुळाला बट्टा, असा तो काळ होता. पुढे १८५४ मध्ये ती ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात गेली आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावे परिचारिकांची शाळा सुरू झाली. आपण तिला हातात दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो. पण तिचे दुसरे मोठे काम आपण सहसा सांगत नाही. सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे गोळा करून, त्यांच्या आकृत्या काढून, लढाईतल्या जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मरत आहेत हे तिने सरकारला दाखवून दिले. म्हणजे ती दयाळू होती, तशीच हिशेबी आणि अभ्यासूही होती. दयेची तेवढी तसबीर लावायची आणि बुद्धी विसरायची, ही खोड आपल्याला तिच्यापासूनच लागली की काय, अशी शंका मला येते.

आपल्याकडे तर सोवळ्या-ओवळ्याची भर पडली. परक्या देहाला हात लावायचा, रक्त, पू, मलमूत्र काढायचे, ही कामे ज्या समाजाने विटाळ मानली, त्या समाजाने ती कामे करणाऱ्या हातांनाही दूर ठेवले. गावगाड्यात पुष्कळ ठिकाणी सुईणपण खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांकडे असे. बाळ जन्माला येईपर्यंत ती घरातली. नाळ कापून झाली की ती अंगणातली! महाराष्ट्राने मात्र या बाबतीत काही चांगले धडेही घालून दिलेले आहेत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. रोगी मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या काळात सख्खे नातेवाईक रोग्याला टाकून पळत होते, त्या काळात माय-लेकांनी घर आणि रुग्णसेवा यांमधली भिंतच काढून टाकली. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि त्याने विधवा व गरजू स्त्रियांसाठी परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. तरीही देशाची स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळी हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. सनातनी घरांनी आपल्या मुली या कामाला पाठवल्या नाहीत, हे त्यामागचे एक कारण होतेच. त्या काळी पुढे आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती मुली. त्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांची मलमपट्टी केली, याबद्दल आपण कधी कृतज्ञता व्यक्त केल्याचे मला तरी आठवत नाही.

आता परिचारिका नेमके करते काय, ते पाहू. कारण 'नर्सचे काम म्हणजे सुई टोचणे आणि डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन फिरणे' अशी आपल्यातल्या पुष्कळांची समजूत असते. माझ्या आईचे उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. शासनाच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. या लोकसंख्येतल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद, तिचे वजन, रक्तदाब, रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या, बाळाच्या लसी, क्षयरोग्याची औषधे, तापाच्या साथीत घरोघर भेटी हे सारे तिच्याकडे असते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहिली पाहिजे. म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेला तो निळा डबा खांद्याला लावून ती भर उन्हात वाड्यावस्त्यांवर जाते. गरोदर बाईचा रक्तदाब १४०/९० वर गेला, तोंडावर सूज आली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, की ते झटक्यांचे पूर्वचिन्ह असू शकते. तिला वेळीच मोठ्या दवाखान्यात हलवले पाहिजे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनची १० युनिटे टोचली तर जिवावर बेतणारा रक्तस्राव टाळता येतो. रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, शेजारी डॉक्टर नसताना, हे निर्णय तिला घ्यावे लागतात. याला नुसती दया पुरत नाही. याला विद्या लागते.

आणि ही विद्या निम्मी पुस्तकातली असली तरी निम्मी घरातली असते, असे आईचे बोलणे ऐकून मला वाटू लागले आहे. आई म्हणते, "पोरीचं हिमोग्लोबिन सातच्या खाली का गेलं, हे रक्ताच्या थेंबात कळत नाही, ते तिच्या स्वयंपाकघरात कळतं." गोळ्यांची पाकिटे देऊन काम भागत नाही. ती सून घरात सर्वांच्या शेवटी जेवते. कालवण संपलेले असते. मिठाशी नाही तर चटणीशी भाकरी खाऊन ती उठते. आई स्वतः सून म्हणून नांदलेली आहे, म्हणून तिला हे विचारावे लागत नाही. ती सासूबाईंनाच समोर बसवते आणि म्हणते, "मावशी, नातवंडं धडधाकट हवं ना? मग दोन महिने सुनेला तुमच्या पंगतीला घ्या." गोळीपेक्षा हे औषध अधिक लागू पडते, असा तिचा अनुभव आहे. मला वाटते, संसार करणारी बाई परिचारिका असते तेव्हा तिचा संसार तिच्या कामाच्या आड येत नाही. तो तिच्या कामाला उपयोगी पडतो. मूल तापाने फणफणले की आईला काय वाटते, हे तिला माहीत असते. दुखणेकऱ्याचा नवरा दाराशी उगाच का चिडतो आहे, हेही तिला माहीत असते.

पण मग परिचारिकेच्या स्वतःच्या घराचे काय? येथे मी खोटे चित्र रंगवणार नाही. आमच्या घराने किंमत मोजलेली आहे. पल्स पोलिओची मोहीम रविवारी असते. त्यामुळे इतर मुलांना रविवारी आई घरी मिळे, आम्हांला मिळत नसे. पाडव्याला आई उपकेंद्रात आणि ओवाळणी संध्याकाळी, असे अनेकदा झाले. कधी एखादे बाळ दगावले, तर आई घरी येऊन कुणाशी न बोलता तासभर भांडी घासत बसे. त्या दिवशी आमच्या गृहपाठाची चौकशी कुणी करत नसे. महिनाअखेरीस रजिस्टरे आणि मोबाइलवरच्या नोंदी पुऱ्या करताना ती आमच्यावर ओरडतही असे. ती देवता वगैरे नाही. ती थकणारी, चिडणारी, पाठदुखीने रात्री कण्हणारी बाई आहे.

तरीही आमचे घर मोडले नाही. का मोडले नाही, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. ते टिकले ते अण्णांमुळे. ताई लहान असताना अण्णांनी भाकरी थापायला घेतली, तेव्हा पारावरची मंडळी हसली. 'नर्सबाईचा स्वयंपाकी' असे त्यांना टोपणनाव पडले. रात्री-अपरात्री बोलावणे आले की अण्णा मोटारसायकल काढत, आईला वाडीवर सोडत आणि बाळंतपण होईपर्यंत ओट्यावर घोंगडी पांघरून बसत. पुढे हसणाऱ्यांपैकीच एकाची सून अडली तेव्हा तो आमच्या दारात आला. अण्णांनी तेव्हा काहीही बोलून दाखवले नाही, नुसती गाडी काढली. आज आमच्या घरात जो आधी घरी येईल तो गॅस पेटवतो, असा नियमच आहे. मी पोळ्या फारशा गोल करत नाही. पण त्या पोटभर असतात. याचा अर्थ एवढाच की, परिचारिकेच्या घराचे जे हाल होतात म्हणून आपण बोलतो, ते तिच्या नोकरीमुळे कमी आणि घरातल्या इतरांनी हात न लावल्यामुळे जास्त होतात.

या लेखाच्या निमित्ताने मी आईला विचारले, "तुला घर जास्त महत्त्वाचं की दवाखाना?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हा प्रश्न तू अण्णांना कधी विचारलास का? घर की शेत म्हणून?" मला उत्तर सुचले नाही. मित्रहो, आपल्यापैकी कुणालाही सुचेल असे मला वाटत नाही. रात्रभर पिकाला पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला, रात्रपाळी करणाऱ्या गिरणीकामगाराला, मुक्कामी गाडी नेणाऱ्या एस. टी.च्या चालकाला संसाराकडे दुर्लक्ष केल्याचा दोष कुणी देत नाही. उलट तो 'घरासाठी राबतो' असे आपण म्हणतो. रात्रपाळी वाईट असती तर ती सर्वांनाच वाईट असती. वाईट आहे ती आपली नजर.

घर आणि रुग्ण यांचे नाते कुठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. त्यात त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. या साऱ्या काळात त्यांना भरवणे, स्वच्छ करणे, कुशीवर वळवणे हे सारे तेथील परिचारिकांनी केले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, दुसरी गेली, तिसरी आली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला गेला नाही. ज्यांनी घरी एखादे अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले असेल त्यांना याचा अर्थ कळेल. त्यांच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्ताची नाती जेथे पोहोचली नाहीत तेथे एका वॉर्डाने नाते निभावले आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आणि ज्यांना हे असे कुटुंब उभारता येते, त्यांना कुटुंबवत्सलतेचे धडे द्यायला आपण निघतो!

मात्र या उदाहरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला तो त्यांच्या कामाच्या जागी. म्हणजे ज्या जागी त्या इतरांना सुरक्षित ठेवत होत्या तेथे त्यांना सुरक्षित ठेवणारे कुणी नव्हते. त्यामुळे 'रात्रपाळी नको' या म्हणण्यामागे काही घरांत खरी काळजीही असते, हे मी मान्य करतो. पण त्या काळजीवर उपाय कोणता? मुलीला घरी बसवणे, की रुग्णालयाला उजेड, पहारा, कपडे बदलायला बंद खोली आणि ये-जा करायला गाडी द्यायला लावणे? विहिरीला कठडा नाही म्हणून आपण पाणी प्यायचे सोडत नाही, कठडा बांधतो.

२०२० च्या कोरोनाच्या साथीत तर आपली ही दुटप्पी वृत्ती उघडीच पडली. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता साऱ्या देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्याच सुमारास काही शहरांत परिचारिकांना आणि डॉक्टरांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या येत होत्या. शेवटी २२ एप्रिल रोजी केंद्र सरकारला अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करावी लागली. आमच्याकडे आई दीड महिना मागच्या पडवीत वेगळी राहिली. तिचे ताट अण्णा उंबऱ्यावर ठेवत. ते समजण्यासारखे होते. पण गावच्या सार्वजनिक नळावर तिला 'तुम्ही जरा नंतर या' असे सांगण्यात आले, ते मला आजही समजत नाही. त्याच नळावर येणाऱ्या घरांतल्या कित्येक मुलांना पहिली लस तिने टोचलेली होती.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे 'सेवा' या शब्दाच्या आड दाम दडवणे बंद झाले पाहिजे. सेवा म्हटले की पगार विचारणे अप्रशस्त वाटते, आणि याचा फायदा राबवून घेणारे बरोबर उठवतात. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. एवढी साधी गोष्टही शिफारस करून सांगावी लागते, यातच सारे आले. माझी ताई डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून अतिदक्षता विभाग सांभाळते. पण दर काही महिन्यांनी तिच्या कंत्राटाचे काय होणार, याची चिंता घरी असते. देवता म्हणू नका, पण नेमणुकीचा कायम कागद हातात द्या, असे तिचे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून 'नर्स प्रॅक्टिशनर' हा अभ्यासक्रम सुरू केला. जेथे डॉक्टर पोहोचत नाही तेथे अधिक शिकलेल्या परिचारिकेने तपासावे, निदान करावे, उपचार करावेत, अशी ती कल्पना होती. तेथे ती आज चांगलीच रुजलेली आहे. आपल्याकडे हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या स्त्रियांना नवजात बाळांच्या उपचारांचे शिक्षण दिले. तेव्हा तेथील नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. केंद्र शासनानेही २०१८ च्या अखेरीस प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांचे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची योजना जाहीर केली आणि १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये परिचारिकांसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. कागदावरचे हे सारे माझ्या आईच्या दोन खोल्यांपर्यंत पोहोचले पाहिजे. जिच्यावर रात्री दोन वाजता जीव वाचवण्याची जबाबदारी आपण टाकतो, तिला दिवसा अकरा वाजता निर्णयाचा अधिकार का देऊ नये?

तिसरी गोष्ट मात्र सरकारने करायची नाही. ती आपण करायची आहे. त्यातही माझ्या वर्गमित्रांनो, आपण मुलग्यांनी करायची आहे. आपण व्याख्यानांतून स्त्री-पुरुष समानतेवर टाळ्या वाजवतो, परीक्षेत त्यावर दहा-दहा गुणांची उत्तरे लिहितो. पुढच्या पाच-सहा वर्षांत आपल्यातले बहुतेकजण मुली पाहायला जातील. तेव्हा आपल्या मामांना बोलू द्यायचे, की आपण स्वतः तोंड उघडायचे, याचा निर्णय आत्ताच करावा लागेल. आणि तो निर्णय पोकळ ठरू नये असे वाटत असेल, तर भाकरी थापायला, धुणे धुवायला, तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला आजपासून शिकावे लागेल. हे शिकायला महाविद्यालयात तासिका नाही, घरी आहे.

ताईने त्या स्थळाला स्वतःच नकार कळवला. ती म्हणाली, "नोकरी सोडायला सांगणाऱ्यांना माझा राग नाही, पण माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री कुणी बघायचं, तेही त्यांनी सांगावं." लोक म्हणाले, पोरगी हट्टी आहे. अण्णा काहीच म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला बसथांब्यावर सोडून आले. अजून दुसरे स्थळ आलेले नाही. येईल तेव्हा येईल.

परंतु एवढे निश्चित की, आपल्यापैकी प्रत्येकजण केव्हा ना केव्हा त्या लोखंडी खाटेवर जाणार आहे. आपले आईवडील जाणार आहेत. त्या रात्री बेल दाबल्यावर येणाऱ्या बाईमागे एक घर असते. तेथे कुणीतरी भाकरी केलेली असते, कुणीतरी तिचे मूल झोपवलेले असते, म्हणून ती आपल्यापर्यंत येऊ शकते. ते घर आपले का असू नये?

— द्वितीय वर्ष, कला